चार गाड्यांचे कलम : ब्लूबेल रेल्वेवरचे तीन दिवस

पहिला दिवस, शनिवार

लंडनमधील ईस्ट क्रॉयडनहून सकाळी सुटलेली विजेची गाडी पाऊण तासाच्या आत ईस्ट ग्रिन्स्टेडला पोहोचते आणि तिचा मार्ग तिथेच संपतो. तिथे उतरून दोन-तीन मिनिटे चालले, की मात्र आणखी एक फलाट लागतो. त्या फलाटावर दगडी कोळशाच्या धुराचा वास असतो, गार्डाच्या हातात हिरवा बावटा असतो, आणि तिकीट देणाऱ्यापासून डबे झाडणाऱ्यापर्यंत जी माणसे दिसतात त्यांतील बहुतेक जण एक पैसाही पगार घेत नाहीत. इंग्लंडच्या ससेक्स भागातील ही ब्लूबेल रेल्वे. ईस्ट ग्रिन्स्टेडपासून शेफील्ड पार्कपर्यंत ११ मैलांचा, म्हणजे सुमारे १८ किलोमीटरांचा तिचा मार्ग आहे. त्यावरील किंग्जकोट, हॉर्स्टेड केन्स आणि शेफील्ड पार्क ही तीन जुनी स्थानके या स्वयंसेवकांनी पुन्हा उभी केली असून ती चालत्या संग्रहालयासारखी सांभाळली आहेत.

मी लेकीकडे महिनाभरासाठी आले होते. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी इकडे सुट्टी असते, त्यामुळे जोडून तीन दिवस मिळाले. माझे वडील कुर्डुवाडीला केबिनमन होते, म्हणजे सिग्नल आणि रुळांचे सांधे हलवण्याचे काम करीत. ब्रॉडगेजची गाडी एका बाजूला आणि बार्शी लाइटची २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी दुसऱ्या बाजूला, अशा स्थानकाच्या आवारात माझे लहानपण गेले. पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांनी भरलेली ती छोटी गाडी आता राहिलेली नाही; तिच्या मार्गावर ब्रॉडगेजचे रूळ पडले. ते योग्यच झाले, कारण लोकांची सोय झाली. तरीही त्या गाडीमागे जे काम होते ते कसे चालत असे, हे आज कुणाला दाखवायचे म्हटले तर कुठे न्यावे, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. लेकीला हे ठाऊक होते, म्हणूनच तिने हा बेत आखला.

डब्यात चढताना दार आतून उघडायला मूठच नाही, हे प्रथम लक्षात आले. उतरायचे झाले की खिडकीची काच खाली सरकवायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. समोर बसलेल्या तरुण जोडप्याला ते जमेना, तेव्हा गार्डबाईंनी येऊन दोनदा करून दाखवले आणि तिसऱ्या वेळी त्यांच्याकडून करून घेतले.

गाडी सुटली की लगेचच १० कमानींचा इम्बरहॉर्न पूल लागतो. तो ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना उंच दरडी असलेल्या खोदीव भागातून गाडी जाते. हिरवळ इतकी दाट आहे, की कुणी सांगितल्याशिवाय येथे पूर्वी काय होते याची कल्पना येणार नाही. मार्ग बंद पडल्यानंतर ही खोदलेली खिंड गावोगावचा घरगुती कचरा टाकण्यासाठी वापरली गेली आणि काठोकाठ भरली. ब्लूबेलच्या मंडळींना ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत पोहोचायचे, तर हा सारा कचरा उपसणे भाग होते. त्यासाठी प्रत्येकी १० पौंडांची वर्गणी मागण्यात आली. फूल ना फुलाची पाकळी या भावनेने असंख्य लोकांनी ती दिली, आणि २०१० पासून तो कचरा मालगाड्या भरभरून रेल्वेनेच बाहेर नेण्यात आला. २३ मार्च २०१३ रोजी पहिली प्रवासी गाडी ईस्ट ग्रिन्स्टेडला लागली. येथील लोक हे सांगताना वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, किती भरल्या, पावसात चिखल कसा झाला, यांचेच वर्णन अधिक करतात. मला ते फार आवडले, कारण रेल्वेतील माणसे कामाविषयी अशीच बोलतात.

आम्ही किंग्जकोटला उतरलो. हे स्थानक १९५०च्या दशकातील ब्रिटिश रेल्वेच्या रूपात ठेवले आहे. प्रत्येक स्थानक वेगळ्या काळात उभे करायचे, असा या मंडळींचा नेमच आहे: शेफील्ड पार्क राणी व्हिक्टोरियाच्या काळातले, हॉर्स्टेड केन्स दोन महायुद्धांच्या मधले, तर किंग्जकोट नंतरचे. फलाटावर सामानाच्या ढकलगाडीत चामड्याच्या जुन्या पेट्या रचल्या होत्या आणि प्रतीक्षालयात शेकोटी पेटलेली होती. येथे १९५५ नंतर तब्बल ३९ वर्षे एकही प्रवासी गाडी थांबली नाही, आणि त्याचे कारण सांगायचे तर या रेल्वेच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण सांगावे लागते.

ल्यूइस आणि ईस्ट ग्रिन्स्टेड यांना जोडणारा हा मार्ग १ ऑगस्ट १८८२ रोजी सुरू झाला. वस्ती तुरळक, स्थानके गावांपासून दूर, त्यामुळे उत्पन्न बेताचेच राहिले आणि मे १९५५ मध्ये ब्रिटिश रेल्वेने तो बंद केला. जवळच्या चेली गावात मॅज बेसेमर नावाच्या बाई राहत असत. त्यांनी मार्गाच्या मंजुरीचे जुने कायदे मिळवून वाचले. १८७७ आणि १८७८ च्या त्या कायद्यांत एक कलम होते: या मार्गावर दररोज चार गाड्या धावतील आणि ठरावीक चार स्थानकांवर थांबतील. कायदा रद्द झालेला नव्हता. म्हणजे गाड्या बंद करणे बेकायदेशीर होते. सरकारी रेल्वेला माघार घ्यावी लागली आणि ७ ऑगस्ट १९५६ रोजी गाड्या पुन्हा सुरू झाल्या. त्या मनापासून सुरू झालेल्या नव्हत्याच. कलमात आहेत तेवढ्याच चार गाड्या, बहुधा एकाच डब्याच्या, आणि कुणाला कामावर जाता येणार नाही की परतता येणार नाही अशा वेळांच्या. लोकांनी त्या सेवेला ‘रुसकी सेवा’ अशा अर्थाचे नाव दिले, ते आजही टिकून आहे. किंग्जकोटचे नाव त्या चार स्थानकांत नव्हते. त्यामुळे गाड्या सुरू झाल्या तरी त्या येथून न थांबता जात. पुढे संसदेकडून कलमच रद्द करून घेण्यात आले आणि मार्च १९५८ मध्ये मार्ग दुसऱ्यांदा बंद पडला. परंतु बेसेमरबाईंनी मिळवलेल्या त्या मुदतीत या मार्गाची कहाणी देशभर वर्तमानपत्रांतून गाजली होती, आणि ती वाचून काही विशी न गाठलेली मुले अस्वस्थ झाली होती. त्यांचे पुढे काय झाले ते दुसऱ्या दिवशी पाहायला मिळाले.

संध्याकाळी ईस्ट ग्रिन्स्टेडला परतलो. तेथील मुख्य रस्त्यावर लाकडी सांगाड्याच्या मध्ययुगीन घरांची लांबच लांब रांग आहे. ती पाहून जेवलो, आणि लेक क्रॉयडनला परत गेली. मी तिथेच मुक्काम केला.

दुसरा दिवस, रविवार

सकाळच्या पहिल्या गाडीने थेट शेफील्ड पार्क गाठले. पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड शहराशी याचा संबंध नाही. येथील जमीनदार, शेफील्डचे तिसरे अर्ल, हे या मार्गाचे एक पुरस्कर्ते होते आणि त्यांच्या वाड्याचे नाव स्थानकाला मिळाले. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे नाव ठाऊक असायला हवे: याच अर्लसाहेबांनी दिलेल्या १५० पौंडांतून ऑस्ट्रेलियातील राज्यांच्या क्रिकेट स्पर्धेची शेफील्ड शील्ड ही ढाल तयार झाली, आणि इंग्लंडच्या दौऱ्यावर येणारे ऑस्ट्रेलियन संघ त्यांच्या वाड्याशेजारच्या मैदानावर खेळत असत.

स्थानकाची इमारत लहान, विटांची, टापटीप. तिच्या बांधणीत घरगुतीपणा आहे, टी. एच. मायर्स या वास्तुविशारदाने या मार्गावरील स्थानके एखाद्या सधन शेतकऱ्याच्या घरासारखी बांधली. फलाटावर पत्र्याच्या मिनावर्क केलेल्या जुन्या जाहिराती आहेत, साबणाच्या, शाईच्या, कोकोच्या. त्यांतील एक पाटी एक आजोबा मऊ कापडाने पुसत होते. पाटीच्या कडेला जिथे मिना उडाला होता तिथे त्यांनी कापड न फिरवता बोटाने हलकेच तेल लावले. मी थांबून पाहत आहे हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, “येथे रंग द्यायचा नाही. रंग दिला की ती नवी होईल. गंज फक्त पुढे सरकू द्यायचा नाही.” ते आयुष्यभर बँकेत नोकरीला होते आणि निवृत्तीनंतर गेली ११ वर्षे दर रविवारी येतात, असे बोलता बोलता कळले.

संग्रहालय पलीकडच्या फलाटावर आहे. कंदील, घंटा, टोप्या, वेळापत्रके, शिक्के अशा वस्तू नीट लावलेल्या आहेत. माझे पाय मात्र तिकिटांच्या कपाटापाशी खिळले. पुठ्ठ्याची ती तिकिटे, सव्वादोन इंच लांबीची, तंतोतंत आपल्याकडची! थॉमस एडमंडसन या इंग्रज स्थानकमास्तरांनी १८३० च्या दशकात क्रमांक छापलेल्या पुठ्ठ्याच्या तिकिटांची ही पद्धत काढली आणि ती जगभर पसरली. कुर्डुवाडीच्या खिडकीतही संगणक येईपर्यंत तीच होती. शेजारी तारीख उमटवणारे लोखंडी यंत्र ठेवले आहे. तेथील बाईंनी माझ्या हातात एक कोरे तिकीट दिले आणि ते यंत्राच्या फटीतून सरकवायला सांगितले. तो ‘खट्’ आवाज मी पन्नास वर्षांनी ऐकला. त्या बाईंना मी सांगितले, की आमच्याकडे तिकीटबाबूंच्या खिडकीसमोर उभे राहिले की दिवसभर हाच आवाज येत असे, आणि त्यांनी ते लगेच एका वहीत लिहून घेतले. संग्रहालयाला येणारी माणसे जे सांगतात ते त्या टिपून ठेवतात.

मग विदिअमची सिग्नल-केबिन पाहिली. विदिअम हे जवळच्याच एका दुसऱ्या मार्गावरील स्थानक. तो मार्ग १९६७ मध्ये बंद पडला, आणि त्याची केबिन येथे आणून उभी केली आहे. आत लिव्हरांची रांग आहे. थांबण्याच्या सिग्नलांचे लाल, सूचना देणाऱ्या दूरच्या सिग्नलाचे पिवळे, गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्यांचे काळे, सांधा जागेवर पक्का करणाऱ्या खिळीचे निळे आणि वापरात नसलेले पांढरे. या रंगांचा क्रम उगाच नाही. सांधा बसल्याशिवाय आणि त्याला खीळ लागल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलतच नाही. खालच्या चौकटीतील लोखंडी पट्ट्या एकमेकींना अडवून धरतात. माणूस चुकला तरी यंत्र त्याला चूक करू देत नाही, ही या खोलीतील मुख्य गोष्ट आहे, आणि तेथील स्वयंसेवक मुलगा ती शब्दांत न सांगता पर्यटकांना चुकीचा लिव्हर ओढायला लावून समजावतो.

माझी पाळी आली तेव्हा त्याने माझ्या हातात घडी केलेले फडके दिले. मूठ घासून चकचकीत केलेली असते आणि हाताच्या घामाने ती गंजते, म्हणून लिव्हर कधीही उघड्या हाताने धरायचा नाही, असे तो म्हणाला. माझ्या वडिलांच्या खांद्यावर ड्यूटीवर जाताना एक पंचा असे. तो घाम पुसायला असतो, असेच मी समजत होते. त्या मुलाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने विचारले, “तुमच्या वडिलांकडे किती लिव्हर होते?” मला ते सांगता आले नाही, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटले. फडके मुठीभोवती गुंडाळून, पाय भिंतीला टेकून, अंगाचा भार मागे टाकून मी काळा लिव्हर ओढला. हातांनी तो येत नाही. पाठीने यावा लागतो.

दुपार इंजिनांच्या शेडमध्ये गेली. त्या विशी न गाठलेल्या मुलांची कथा येथे पुढे सरकते. १५ मार्च १९५९ रोजी त्यांनी सभा बोलावली. सारा मार्ग विकत घेऊन त्यावर नियमित गाड्या चालवायच्या, असा त्यांचा मूळ विचार होता; तो पेलणारा नव्हता, म्हणून एका टोकाचा तुकडा घेण्याचे ठरले. १७ मे १९६० रोजी ‘स्टेपनी’ नावाचे छोटे इंजिन येथे पोहोचले. १८७५ मध्ये बांधलेले हे इंजिन आणि दोन डबे मिळून ७५० पौंडांना मिळाले होते. ७ ऑगस्ट १९६० रोजी पहिली गाडी निघाली. हॉर्स्टेड केन्स स्थानक तेव्हा सरकारी रेल्वेच्या वापरात असल्याने तेथपर्यंत जाण्याची परवानगी नव्हती. अलीकडेच थांबावे लागे, आणि तेथे इंजिन फिरवून दुसऱ्या टोकाला लावण्याची सोय नव्हती, म्हणून गाडीच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन जोडले जाई. वाफेची प्रवासी गाडी बंद पडलेल्या, प्रमाण रुंदीच्या रुळांच्या मार्गावर स्वयंसेवकांनी चालवण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर इंग्लंडात अशा कितीतरी रेल्वे उभ्या राहिल्या.

मी गेले तेव्हा स्टेपनी शेडमध्ये उभे होते. त्याचा रंग पिकल्या हळदीसारखा आहे, आणि विल्यम स्ट्राउडली या अभियंत्याने या पिवळ्या रंगाला ‘सुधारित इंजिन हिरवा’ असे नाव दिले होते. पलीकडे ‘बीची हेड’ नावाचे थोराड इंजिन होते. या जातीचे शेवटचे इंजिन १९५८ मध्ये भंगारात गेले, एकही उरले नाही. पुढे त्याच घडणीचा एक जुना बॉयलर एसेक्समधील लाकूडकामाच्या कारखान्यात सापडला. तेवढ्या एका बॉयलरच्या आधाराने २००० मध्ये नवे इंजिन बांधायला घेतले आणि २०२४ मध्ये ते रुळांवर धावू लागले. चोवीस वर्षे! ज्यांनी पहिल्या वर्षी हातोडी घेतली त्यांतील सगळेच ते धावताना पाहायला उरले नसतील, हे उघड आहे.

इंजिनावर काम करायचे तर सुरुवात पुसण्यापासून होते. सोळा वर्षांची मुले-मुली पहाटे येऊन चाके, दांडे, टाक्या पुसतात, राख काढतात, भट्टी पेटवायला शिकतात. पुढे परीक्षा देत देत फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, आणि अनेक वर्षांनी ड्रायव्हर होतात. थंड इंजिनात वाफ तयार व्हायला कित्येक तास लागतात, त्यामुळे सकाळच्या गाडीसाठी कुणीतरी मध्यरात्रीनंतर लगेचच आलेले असते. बॉयलरला जास्तीत जास्त दहा वर्षांचा दाखला मिळतो. ती मुदत संपली की सारे इंजिन उकलून पुन्हा बांधावे लागते, आणि ते काम कित्येक वर्षे व लाखो पौंड खाते. काही पगारी कारागीर आहेतच, आणि ते हवेतही; पण तिकिटाच्या पैशांतून ही सगळी कामे पगार देऊन करून घेता आली नसती, असे शेडमधील मंडळी स्पष्टपणे सांगतात.

तिसरा दिवस, सोमवार

रात्री पाऊस पडून गेला होता. आज फक्त हॉर्स्टेड केन्स पाहायचे असे ठरवले होते. किंग्जकोटनंतर ७३१ यार्डांचा शार्पथॉर्न बोगदा लागतो. डब्यातील दिवे मंद, खिडक्या बंद, तरीही धुराचा वास आत आलाच. बोगद्याबाहेर पडल्यावर उजेडाला डोळे सरावतात न सरावतात तोच रुळांच्या कडेने ब्लूबेलची फुले दिसू लागली. ओकच्या झाडांखाली जमीनच निळी झाली होती. जवळून पाहिल्यास प्रत्येक देठ एका बाजूला वाकलेला असतो आणि त्याला लहान लहान घंटा लोंबत असतात. या मार्गाला हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

हॉर्स्टेड केन्सचा पसारा पाहून मी चकित झाले. आजूबाजूला कुरणे, गाव दूर, आणि मध्येच पाच फलाटांचे स्थानक! एके काळी येथून हेवर्ड्स हीथकडे दुसरा मार्ग जात असे आणि १९३५ मध्ये त्यावर विजेच्या गाड्याही सुरू झाल्या होत्या. तो १९६३ मध्ये बंद पडला. फलाटांना जोडणाऱ्या भुयारात पांढऱ्या रंगाच्या भिंती आहेत. त्यातून वर आले की हिरवा आणि फिकट पिवळसर रंग दिलेली लाकडी छते, पितळी कड्यांची दारे आणि विझलेल्या सिगारेटचा एकही तुकडा नसलेला फलाट दिसतो.

सर्वाधिक वेळ गेला तो डब्यांच्या कारखान्यात. तेथे सज्जावरून खाली काम पाहता येते. जुने लाकडी डबे रेल्वेने मोडीत काढले की त्यांची चाके काढून नुसते सांगाडे विकले जात, आणि लोक ते आवारात ठेवून त्यांत राहत. कुणाचे स्वयंपाकघर, कुणाची कोंबड्यांची खोली. ते शोधून, सोडवून, येथे आणून पुन्हा डबे केले जातात. मी पाहत होते तेव्हा दोन बाई आणि एक वयस्कर गृहस्थ दारावरील एका पट्टीवर काम करीत होते. जुन्या सागवानाचा कुजलेला भाग तिरपा कापून त्यांनी काढला होता, आणि तेवढ्याच आकाराचा नवा तुकडा बसवत होते. तो बसवून काढायचा, रंधा एकदा फिरवायचा, पुन्हा बसवायचा. अर्ध्या तासात असे सात वेळा झाले, आणि सातव्या वेळी गृहस्थांनी सांध्यावरून अंगठा फिरवून मान हलवली. उरलेली पट्टी जुनीच राहिली. नवी अख्खी पट्टी लावली असती तर दहा मिनिटांचे काम होते.

स्थानकावर बर्नार्ड होल्डन यांचा उल्लेख अनेकांच्या बोलण्यात येतो. १९५९ च्या त्या पहिल्या सभेत तरुणांनी अध्यक्ष म्हणून निवडले ते हे रेल्वेतील अनुभवी गृहस्थ. याच मार्गावरील बार्कम स्थानकाच्या घरात १९०८ मध्ये त्यांचा जन्म झाला होता, कारण वडील तेथील स्थानकमास्तर होते. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या अभियंता दलातून भारत आणि ब्रह्मदेशात होते. कायदा माहीत नसलेल्या, पैसा नसलेल्या मुलांना असा माणूस मिळाला म्हणून ही रेल्वे उभी राहिली, असे मला वाटते. ते १०४ वर्षे जगले. २०१२ मध्ये गेले, म्हणजे ईस्ट ग्रिन्स्टेडला गाडी पोहोचण्याच्या काही महिने आधी.

दुपारी उशिरा फलाटावर बाकावर बसून होते. एक गाडी आली, एक गेली. हमालाच्या पोशाखातील स्वयंसेवकाने प्रत्येक वेळी फलाटाच्या कडेने चालत सगळी दारे हाताने दाबून पाहिली आणि मगच गार्डाकडे हात वर केला. घरी आल्यावर वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्यांना फोन करून केबिनीतील लिव्हरांचा आकडा विचारायचा, असे मी वहीत लिहून ठेवले.

परतीच्या गाडीने ईस्ट ग्रिन्स्टेडला उतरून मी पलीकडच्या फलाटावर क्रॉयडनच्या गाडीत बसले. खिडकीतून इंजिन दिसत होते. फायरमन मुलगी टाकीवर चढून पाण्याची सोंड आत सोडत होती, आणि खाली ड्रायव्हर तेलाची बुधली घेऊन चाकांपाशी वाकला होता. पाणी भरून वर आले तेव्हा तिने सोंड बाहेर काढली, झाकण लावले आणि हात पुसून खाली उतरली.